पैसे कुठे गेले ते ठीक, पण त्यांनी झालं काय?

मुलं चक्रीवर बसून गोल गोल फिरतायत, हसतायत, आणि त्या फिरण्याने जमिनीखालचं पाणी उपसलं जाऊन वरच्या टाकीत चढतंय. ‘प्लेपंप’ची ही कल्पना ऐकली की आजही कुणाचाही हात खिशाकडे जाईल. मुलं खेळणारच आहेत, मग त्या खेळातून गावाला पाणी मिळालं तर वाईट काय? दक्षिण आफ्रिकेत सुरू झालेल्या या योजनेसाठी २००६ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा झाली आणि २०१० पर्यंत आफ्रिकेत ४,००० पंप बसवायचं ठरलं.

मग कुणीतरी हिशेब करायला बसलं. एका पंपावर अडीच हजार माणसांची गरज भागेल असा दावा होता. ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राने २००९ मध्ये गणित मांडून दाखवलं, की त्यासाठी मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. एका पंपाचा खर्च होता सुमारे १४ हजार डॉलर, म्हणजे साध्या हातपंपाच्या साधारण चौपट. मलावीत काम करणाऱ्या एका कॅनेडियन अभियंत्याने घड्याळ लावून पाहिलं. २० लिटरची बादली हातपंपावर अर्ध्या मिनिटाच्या आत भरली. चक्रीवर तीन मिनिटांहून जास्त लागली. आणि मुलं शाळेत किंवा घरी असली की चक्री फिरवायची कुणी? बायकांनी. पाठीत वाकून, खेळण्याचा लोखंडी दांडा ढकलत. काही ठिकाणी तर धडधाकट हातपंप काढून त्याच जागी चक्री बसवली होती. शेवटी २०१० मध्ये अमेरिकेतल्या मुख्य देणगीदार प्रतिष्ठानाने योजना फसल्याचं जाहीरपणे मान्य केलं.

देणगीचे पैसे खाल्ल्याच्या बातम्यांपेक्षा ही गोष्ट मला जास्त बोचते. कारण इथे पंप खरोखर बसले होते. फोटो खरे होते, मुलांचं हसूही खरं होतं. तरी ज्या बाईला बादलीभर पाणी हवं होतं, तिचे कष्ट वाढले. देणाऱ्याला काय आवडतं आणि घेणाऱ्याला काय लागतं, यातलं अंतर कुणी मोजलंच नव्हतं.

‘सत्पात्री दान’ या शब्दात घेणारा पात्र आहे का, एवढंच पाहिलेलं असतं. पण आपण आज देतो ते सहसा थेट गरजूच्या हातात नाही, मधल्या संस्थेच्या खात्यात. तेव्हा पात्रता तपासायची ती संस्थेच्या कामाची. आणि तिथेच आपण बहुतेक जण चुकीच्या जागी बघतो.

कुठल्याही संस्थेचा वार्षिक अहवाल उघडा. ‘यंदा १,२०० महिलांना प्रशिक्षण’, ‘५,००० पुस्तकांचं वाटप’, ‘४० शिबिरं’ अशा धर्तीची वाक्यं दिसतील. ही सगळी संस्थेने काय केलं त्याची मोजदाद आहे. त्यामुळे काय बदललं, ते यात कुठेच नाही. १,२०० महिलांपैकी किती जणींना काम मिळालं, आणि वर्षभराने किती जणी त्या कामावर टिकल्या? त्याहूनही अवघड प्रश्न म्हणजे, प्रशिक्षण नसतं तरी त्यातल्या किती जणींना काम मिळालंच असतं? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देणारी संस्था क्वचित सापडते. पण निदान प्रश्न ऐकून न बिचकणारी सापडली, तरी तिचा पत्ता जपून ठेवावा.

हा प्रश्न नुसता किस पाडण्यासाठी नाही, हे केनियातल्या प्रयोगांवरून कळतं. १९९० च्या दशकात तिथल्या बुसिया भागात मायकल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही शाळांना पाठ्यपुस्तकं दिली आणि तशाच दुसऱ्या शाळांशी तुलना केली. कुठल्या शाळांना आधी मिळणार, हे सोडत काढल्यासारखं ठरवलं होतं, म्हणजे तुलना निर्मळ राहावी. पुस्तकं मिळाल्यावर मुलं हुशार होणार, यात शंका कुणाला असेल? पण सरासरी गुण वाढलेच नाहीत. जी मुलं आधीपासून पुढे होती, त्यांचाच फायदा झाला. कारण नंतर ध्यानात आलं: पुस्तकं इंग्रजीत होती, आणि बऱ्याच मुलांसाठी इंग्रजी ही तिसरी भाषा होती. त्याच भागात ७५ शाळांत जंतांच्या गोळ्या देऊन पाहिल्या, तेव्हा मात्र शाळेतली गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. गोळ्यांमुळे परीक्षेतले गुण वाढले नाहीत, आणि या परिणामाचा आकार नेमका केवढा यावरून संशोधकांत पुढे बरीच जुंपली, हेही खरं. पण पुस्तक आणि गोळी यात देणगीदाराला कुठलं जास्त भावतं आणि कशाने काय होतं, ही दोन उत्तरं वेगळी निघू शकतात एवढं पक्कं झालं. गरिबीवरच्या उपायांची अशी प्रयोगांनी पारख करण्याच्या पद्धतीसाठी अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता आपल्या स्वतःच्या मनाकडे बघू, कारण अर्धा घोळ तिथे आहे.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना एक छोटी प्रश्नावली भरण्याचे पाच डॉलर दिले आणि मग उपासमारीच्या मदतीसाठी आवाहन केलं. काहींना रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मालीतल्या मुलीचा फोटो आणि तिची माहिती दाखवली. काहींना फक्त आकडे सांगितले, किती लाख लोक उपाशी आहेत वगैरे. रोकियाला सरासरी २.३८ डॉलर मिळाले, आकड्यांना १.१४. तिसऱ्या गटाला फोटोही दाखवला आणि आकडेही सांगितले, तर रक्कम झाली १.४३. म्हणजे रोकियाच्या शेजारी तिच्यासारख्या लाखो जणांची गोष्ट ठेवली, की रोकियासाठीचाही हात आखडतो! दुसऱ्या एका जुन्या अभ्यासात तेलाच्या डबक्यांत मरणाऱ्या पक्ष्यांना वाचवायला किती पैसे द्याल, असं विचारलं होतं. २,००० पक्ष्यांसाठी लोक म्हणाले ८० डॉलर, २०,००० पक्ष्यांसाठी ७८, आणि २ लाखांसाठी ८८. पक्षी शंभरपट झाले, माया जेमतेम दहा टक्के वाढली.

निधी गोळा करणाऱ्यांना हे सगळं ठाऊक असतं. म्हणून तर पत्रकावर एकच चेहरा असतो आणि तो थेट आपल्या डोळ्यांत बघत असतो. त्यात लबाडीच असते असं नाही; चांगल्या संस्थांनाही पैसा उभा करावाच लागतो. मी स्वतःपुरता एक नियम केलाय. डोळे भरून आले, तर ‘द्यायचं’ हे त्याच क्षणी ठरवायचं. ‘कुणाला’ हे मात्र दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी बहुतेक जण काय करतात? प्रशासकीय खर्च किती टक्के, ते पाहतात. ‘तुमच्या रुपयातले ९५ पैसे थेट गरजूंपर्यंत’ असं लिहिलेलं असलं की आपण निर्धास्त. या आकड्यावर थोडं थांबायला हवं, कारण याच्याइतका दिसायला सोपा आणि आतून फसवा आकडा देणग्यांच्या जगात दुसरा नाही.

पहिली गोष्ट अशी, की प्रशासकीय खर्च म्हणजे उधळपट्टी नव्हे. हिशेबनीसाचा पगार, ऑडिट, कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण, दिलेला पंप सहा महिन्यांनी चालतोय का ते बघायला पाठवलेल्या माणसाचा प्रवासखर्च, हे सगळं त्यातच धरलं जाऊ शकतं. जी संस्था परिणाम तपासतच नाही, तिचा हा खर्च साहजिकच कमी दिसणार. म्हणजे आपण काटकसरीचं कौतुक समजून डोळे झाकून काम करण्याला शाबासकी देतो. देणगीदार टक्केवारीवर अडून बसतात, म्हणून संस्था चांगली माणसं, चांगली यंत्रणा यांवर खर्च करायला कचरतात. मग काम ढिसाळ होतं, आणि पुढच्या वर्षी टक्केवारी आणखी खाली दाखवावी लागते. २०१३ मध्ये संस्थांची माहिती ठेवणाऱ्या आणि त्यांना गुण देणाऱ्या तीन अमेरिकी संस्थांच्या प्रमुखांनी देणगीदारांना खुलं पत्र लिहून सांगितलं, की केवळ प्रशासकीय खर्चाच्या प्रमाणावरून संस्थेची लायकी ठरवू नका. यातली चॅरिटी नॅव्हिगेटर ही संस्था तर अशाच ताळेबंदांवरून तारे देण्यासाठी प्रसिद्ध होती.

दुसरी गोष्ट, ही टक्केवारी हवी तशी वाकवता येते. निधी मागणाऱ्या पत्रातच ‘तंबाखू टाळा’ अशी एक ओळ घातली, की त्या पत्राच्या खर्चाचा काही भाग ‘जनजागृती’त दाखवता येतो. फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत भरमसाट लावून त्या कुठेतरी पाठवल्या, की कार्यक्रमावरचा खर्च कागदावर फुगतो. हे काल्पनिक नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने आणि तिथल्या सर्व ५० राज्यांनी मिळून कॅन्सरच्या नावाने चालणाऱ्या चार संस्थांवर दावा ठोकला. २००८ ते २०१२ या काळात लोकांकडून १८ कोटी ७० लाख डॉलर उकळल्याचा आरोप होता. फोनवरून निधी गोळा करणाऱ्या धंदेवाईक कंपन्या पुष्कळदा दर देणगीतला ८५ टक्के किंवा त्याहून जास्त वाटा स्वतःच घेत, आणि हे झाकायला परदेशी पाठवलेल्या वस्तूंच्या मोठमोठ्या किमती हिशेबात दाखवल्या होत्या, असं तक्रारीत म्हटलं होतं.

त्यामुळे टक्केवारी पाहूच नये असं नाही. गोळा केलेल्यातला अर्ध्याहून जास्त पैसा वर्षानुवर्षं पुन्हा निधी गोळा करण्यातच जात असेल, तर तो धोक्याचा कंदील आहे. पण पाच टक्के आणि पंधरा टक्के यांतला फरक तुम्हाला जवळजवळ काहीच सांगत नाही.

फसवणुकीपासून वाचायला फारसं शहाणपण लागत नाही, थोडा आळस सोडावा लागतो. नोंदणी आहे का, गेल्या दोन-तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब संकेतस्थळावर आहेत का, विश्वस्तांची नावं दिली आहेत का, ते एकाच घरातले तर नाहीत ना, हे अर्ध्या तासात कळतं. नामवंत संस्थेच्या नावातला एखादा शब्द इकडचा तिकडे करून धंदा करणारे असतात. नाव नीट वाचा. फोनवर किंवा रस्त्यात अडवून ‘आत्ताच द्या’ म्हणणाऱ्याला सांगा, मी घरी जाऊन तुमच्या संकेतस्थळावरून देतो. खऱ्या कार्यकर्त्याला याचं वाईट वाटत नाही.

वस्तू देण्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तिथे मनाचा मोठेपणा खराखुरा अंगाशी येतो. मोठं संकट आलं की कपाटं रिकामी करायची लाट येते. १९९८ मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त केल्यावर तिथल्या धावपट्टीवर दान आलेल्या कपड्यांचे इतके ढीग पडले होते, की मदतसामग्रीचं एक विमान उतरू शकलं नाही. त्या उष्ण देशात आलेल्या गठ्ठ्यांत थंडीचे कोटही होते. बोस्नियाच्या युद्धात आणि ते संपल्यावर लगेच, १९९२ ते १९९६ च्या दरम्यान, मुदत संपलेली आणि कुणाच्याच कामाची नसलेली सुमारे १७,००० टन औषधं तिथे साठली. ती नष्ट करणं हीच एक नवी आपत्ती झाली. त्याच सुमारास, १९९६ मध्ये, औषधं दान कशी करावीत याचे नियम जागतिक आरोग्य संघटनेला काढावे लागले. विचार करा: जुना स्वेटर फुकट असतो, पण तो बांधायला, न्यायला, उतरवायला, निवडायला माणसं आणि वाहनं लागतात, आणि ती नेमकी त्याच वेळी जखमींसाठी हवी असतात. पैसा मात्र तिथल्याच बाजारात खर्च होतो आणि तिथलं दुकान पुन्हा उघडायला हातभार लावतो.

‘पण पैसे दिले तर दारूत घालवतील!’ हे वाक्य कुणीतरी हमखास उच्चारतं. यावर अंदाज बांधत बसायची गरज उरलेली नाही. थेट पैसे देण्याच्या योजनांचे अनेक देशांतले अभ्यास २०१४ मध्ये एकत्र तपासले गेले, आणि दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यांत सर्वसाधारणपणे दिसलं नाही. गरीब माणसाला आपली गरज कळते, हे मान्य करायला आपल्यालाच जड जातं.

आता वेळेबद्दल. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर जगभरातून पैशांचा इतका ओघ लागला, की जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय संस्थेने जाहीर केलं: त्सुनामीसाठी आता पुरेसे पैसे आलेत, यासाठी आणखी पाठवू नका. इतर संस्थांचा त्यावर रोष झाला. पण माझ्या मते देणगीदाराशी इतकं सरळ वागल्याची दुसरी उदाहरणं थोडी. त्याच वेळी ज्या संकटांवर कॅमेरे नव्हते, ती कोरडीच राहिली होती. बातम्यांत दिसणाऱ्या संकटाला पैसा मिळतोच. वर्षभर शांतपणे चालणाऱ्या कामाला लागतो, तो मिळत नाही.

म्हणून एकदम मोठी रक्कम देऊन विसरून जाण्यापेक्षा दरमहा थोडी देणं संस्थेला जास्त उपयोगी पडतं, कारण येणारा पैसा आधी ठाऊक असला की माणूस नेमता येतो. वीस संस्थांना चिमूट चिमूट देण्यापेक्षा दोन-तीन निवडाव्यात. चिमूटभर देणगीचा बराचसा भाग पावती, पत्रं आणि पुन्हा मागण्यातच संपतो, शिवाय वीस संस्था तपासायला कुणाला वेळ आहे? आणि संस्था एकदा पारखून घेतली, की ‘फक्त पुस्तकांसाठी’, ‘फक्त इमारतीसाठी’ अशा अटी घालू नयेत. इमारतीवर नाव लागतं म्हणून इमारतीला देणारे भरपूर असतात. विजेचं बिल भरणारा कुणी नसतो.

काम निवडताना तुलना करायला लाजू नये. २००७ मध्ये सुरू झालेली गिव्हवेल ही संस्था हेच करते: एवढ्या पैशात किती भलं होतं, याचा पुराव्यांवरून अंदाज लावते. तिच्या अंदाजानुसार तिने निवडलेल्या सर्वात परिणामकारक कामांत एक जीव वाचवायला ढोबळमानाने ३,००० ते ५,५०० डॉलर लागतात. ‘पाच डॉलरमध्ये एक जीव’ अशी जाहिरात दिसली, तर हा आकडा आठवावा. तिच्या यादीत कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या वर्षानुवर्षं आहेत. मच्छरदाणीचा फोटो कुणाला पाझर फोडत नाही, पण अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर जिथे मलेरिया आहे तिथे या मच्छरदाण्यांमुळे बालमृत्यू सुमारे १७ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं आहे.

तरीही मोजता येतं तेवढंच चांगलं, असं मी म्हणणार नाही. कायदा बदलण्यासाठी झगडणारी संघटना, एखाद्या दुर्मिळ आजारावर संशोधन करणारी प्रयोगशाळा, मरणाऱ्या भाषेतल्या गोष्टी जमवणारी चार माणसं, यांचं दर जिवामागे किती डॉलर असं गणित मांडता येत नाही. दहा वर्षं काहीच हाती न लागता अकराव्या वर्षी कायदा होतो. अशा कामाला देताना आकडे मागण्यापेक्षा, हा बदल नेमका कसा घडेल असं त्यांना वाटतं, ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावावं. दोन मिनिटांत पटण्यासारखं सांगता आलं नाही, तर मी पुढे जातो.

आणि एक प्रश्न सगळ्यांनाच विचारण्यासारखा आहे: तुमचं काय फसलं? कॅनडातली ‘इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स’ २००८ पासून आपल्या अपयशांचा स्वतंत्र अहवाल काढू लागली. वर आलेला घड्याळवाला अभियंता तिथलाच.

मी हा प्रश्न मध्यंतरी दोन संस्थांना ईमेलने विचारला. मोठ्या संस्थेकडून दुसऱ्याच दिवशी रंगीत माहितीपत्रक आलं, त्यात प्रश्नाचं उत्तर नव्हतं. छोट्या संस्थेचं उत्तर यायला दोन आठवडे लागले. मुलांसाठी वाचनालय काढलं होतं, असं त्यांनी लिहिलं होतं, पण उघडायची वेळ ठेवली दुपारची, कारण सांभाळणाऱ्या बाईंना तीच सोयीची होती. दुपारी मुलं शाळेत. चार महिने पुस्तकांवर धूळ बसली. ‘हे आमच्या ध्यानात यायला चार महिने का लागले, याचं उत्तर आमच्याकडे नाही. आता संध्याकाळी उघडतो.’ मी त्या संस्थेला दरमहाची देणगी सुरू केली. अर्जात ‘कशासाठी’ असा एक रकाना होता, तो कोरा सोडला.